कानाला दडा बसला होता, गाठ नाकामागे होती

एप्रिलमध्ये उजव्या कानाला दडा बसला. नागपूरचा उन्हाळा, रात्रभर कूलर समोर, त्यामुळे सगळ्यांनी हवेलाच दोष दिला. थेंब झाले, गोळ्या झाल्या, पडद्यामागे पाणी आहे असंही कळलं. पाणी का साचलं, हे कोणी पाहिलं नाही. जूनमध्ये मानेवर न दुखणारी गाठ आली. एका दवाखान्यात सुईची तपासणीसुद्धा न करता टीबीची औषधं सुरू केली. त्यात दोन महिने गेले. त्याचा राग अजून आहे.

धंतोलीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "ताई, कान एकाच बाजूचा ना?" आणि लगेच नाकातून दुर्बीण घातली. स्क्रीनकडे पाहत त्या बराच वेळ गप्प होत्या. घशाच्या सगळ्यात वरच्या भागात, नाकाच्या मागे, कानाची नळी उघडते तिथेच गाठ होती. नळी दाबली गेली, म्हणून कानात पाणी. बायोप्सीत निघालं: नेझोफॅरिंजियल कार्सिनोमा, म्हणजे नाकामागच्या घशाचा कॅन्सर. तुकड्यात या कॅन्सरशी जोडल्या जाणाऱ्या एप्स्टीन-बार विषाणूची खूणही सापडली.

"घरात खर्रा खाता का?" हे मात्र प्रत्येकाने विचारलं. खर्रा म्हणजे आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण. मी कधी सुपारीही खाल्ली नाही. हा कॅन्सर दक्षिण चीनमध्ये, आपल्याकडे नागालँडमध्ये जास्त दिसतो. विदर्भात क्वचितच.

जागा कवटीच्या तळाशी, म्हणून ऑपरेशन नाही. रेडिएशन, म्हणजे शेक, आणि सोबत सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. आधी दोन दाढा काढल्या, कारण शेकानंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. चेहऱ्याचा जाळीदार साचा बनवला. सोमवार ते शुक्रवार, ७ आठवडे, ३५ शेक, किरणांची एकूण मात्रा ७० ग्रे. सुरुवातीला वाटलं, जमेल. चौथ्या आठवड्यापासून थुंकी गिळणंही अवघड झालं. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून सात-आठ वेळा. संत्र्याची फोड जिभेला निखाऱ्यासारखी लागायची. सासूबाई भाकरी वरणात कुस्करून, गाळून द्यायच्या आणि मी घोट घेईपर्यंत समोरून उठायच्या नाहीत. जबडा आखडू नये म्हणून मी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचे. रोज एक काडी वाढवायचा हट्ट मी सोडला नाही.

तीन महिन्यांनी, कॅन्सर उरला आहे का हे पाहणारा पेट (PET) स्कॅन स्वच्छ आला. तोंड अजून कोरडंच, पाण्याची बाटली उशाशी लागते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. दर दोन महिन्यांनी दुर्बीण होते. आता बाई स्क्रीन माझ्याकडे वळवतात, आणि ती जागा मीच आधी पाहते.