थकलेला पगार आणि काल्पनिक साम्राज्यांचा अंत

अद्भुतकथांमधील साम्राज्ये बहुधा एका रात्रीत कोसळतात. अंधारातून चालून आलेले सैन्य राजधानीची वेस फोडते, शेवटचा सम्राट तलवार हातात असताना पडतो आणि सकाळ उजाडते ती थेट नव्या युगाची. असे प्रसंग वाचायला मला मनापासून आवडतात; परंतु गेली काही वर्षे मी स्वतः एक काल्पनिक जग रचत आहे, त्यात शेजारी शेजारी असलेली तीन साम्राज्ये एकाच धामधुमीच्या काळात लयाला जाणार आहेत, आणि तो काळ लिहायला घेतल्यापासून माझे असे मत झाले आहे की साम्राज्याच्या अंताची खरी कथा सरहद्दीवरच्या ठाण्यात घडते. राजधानीत पोहोचते ती फक्त तिची बातमी, आणि तीही फार उशिरा.

या मताला आधार आहे तो इतिहासातल्या एका प्रसंगाचा. डॅन्यूब आणि इन या नद्यांच्या संगमावर, आजच्या जर्मनीतील पासाऊच्या जागी, बाटाविस नावाचे रोमन ठाणे होते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या प्रदेशात वावरलेल्या संत सेव्हेरिनसचे चरित्र युगिपियस नावाच्या भिक्षूने इ.स. 511च्या सुमारास लिहिले. रोमची सत्ता होती तोवर सरहद्दीवरच्या अनेक नगरांतील शिपायांचा खर्च सरकारी पैशातून चालत असे, असे तो सांगतो. ही व्यवस्था बंद पडताच तुकड्या मोडल्या आणि तटबंदीही निकामी झाली. बाटाविसची तुकडी तेवढी टिकून होती. तिच्यातील काही जण आपल्या सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेतच मारले गेले. ठाण्यातल्या लोकांना ते कळले, ते नदीने त्यांची प्रेते काठाला आणून टाकली तेव्हा.

साम्राज्याच्या अंताचे याहून नेमके चित्र माझ्या वाचनात आलेले नाही. त्या शिपायांचा रोमवर अजून विश्वास होता, ही त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. आल्प्सच्या पलीकडे एक कचेरी आहे, तिथल्या दप्तरात आपल्या तुकडीची नोंद आहे आणि ती पाहून कोणीतरी आपले पैसे मोजून देईल, एवढ्या भरवशावर ती माणसे निघाली होती.

हा पगार का थकला, याचे उत्तर बाटाविसपासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. इ.स. 439 मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिक याने कार्थेज घेतले आणि धान्य, तेल व कर पुरवणारा उत्तर आफ्रिकेचा संपन्न प्रांत पश्चिम रोमच्या हातून गेला. तो परत मिळवण्यासाठी 468 मध्ये पाठवलेल्या प्रचंड आरमारात व्हँडलांनी पेटती जहाजे सोडली आणि तो प्रयत्न तिथेच संपला. त्यानंतर पश्चिमेकडे सैन्य पोसण्याइतका महसूलच उरला नाही. काल्पनिक जगाचा नकाशा काढताना आपण किल्ले, अरण्ये आणि ड्रॅगनांच्या गुहा हौसेने दाखवतो. कोणत्या प्रांताच्या धान्यावर कोणत्या सरहद्दीचे शिपाई जगतात, हेही त्याच नकाशावर ठरवले पाहिजे असे मला वाटते, कारण ते ठरले की साम्राज्य कुठून उसवणार हे शोधायला निराळा खलनायक लागत नाही.

जादूवर उभ्या असलेल्या साम्राज्यालाही हाच न्याय लावावा लागतो. माझ्या जगातील सर्वांत मोठे साम्राज्य टेहळणी मनोऱ्यांवरच्या मंत्राग्नीमुळे एकसंध राहते. एका मनोऱ्यावर उच्चारलेला हुकूम पुढच्या मनोऱ्यावरच्या ज्वाळेत ऐकू येतो, आणि ही ज्वाळा राखणारा मांत्रिक घडवायला राजधानीच्या शाळेत अनेक वर्षे खर्ची पडतात. पडझडीच्या काळात हा मंत्र कोणी चोरत नाही, त्याला शापही लागत नाही. शाळेला नेमून दिलेला परगणा हातचा जातो, नवे शिष्य येईनासे होतात आणि म्हातारे मांत्रिक एकेक करून मरतात. ही कल्पना मला मायसिनी ग्रीकांच्या, म्हणजे कांस्ययुगातील ग्रीकांच्या, लिपीवरून सुचली. इ.स.पू. 1200च्या सुमारास त्यांचे राजवाडे जळाले, तेव्हा हिशेबासाठी वापरली जाणारी लिनियर बी लिपीही नाहीशी झाली, कारण ती येत होती ती राजवाड्यांच्या सेवेतील मोजक्या कारकुनांनाच. त्यानंतर ग्रीस कित्येक शतके निरक्षर राहिला.

एका साम्राज्याबरोबर शेजारची दोन का पडावीत, याचेही उत्तर त्याच काळात सापडते. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या एका जहाजात सुमारे 10 टन तांबे आणि 1 टन कथील मिळाले. कांसे ओतायला हे दोन धातू जवळपास याच प्रमाणात लागतात. शस्त्रांचा धातूच जिथे परमुलखातून येतो, तिथे शेजाऱ्याचा नाश हा फायदा ठरत नाही. पुढे आजच्या तुर्कस्तानात साम्राज्य असलेल्या हित्तींचे मांडलिक असलेल्या, सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या नगराच्या राजाने सायप्रसच्या राजाला कळवले, की शत्रूच्या जहाजांनी आपली गावे जाळली आहेत आणि आपले सैन्य मात्र हित्तींच्या मुलखात गुंतले आहे. थोड्याच काळात उगारित बेचिराख झाले आणि हित्तींची राजधानी हत्तुशाही ओस पडली.

लेखकाला सर्वांत जास्त देणारा काळ मात्र याच्याही पुढचा आहे. सत्ता गेलेली असते आणि नाव चालू असते, असा तो काळ. 476 मध्ये ओडोएसर या सेनानीने पश्चिम रोमचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला पदच्युत केले, पण स्वतः सम्राट न होता राजचिन्हे पूर्व रोमच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, धाडून दिली. आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. उत्तरेत महादजी शिंद्यांचा शब्द चालत असतानाही 1784 मध्ये त्यांनी दुबळ्या मोगल बादशहा शाह आलमकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी, या पदाची सनद पेशव्यांसाठी मिळवली. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींनी त्या अंध माणसालाच पुन्हा तख्तावर बसवले. शाह आलम 1806 मध्ये वारला, तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील रुपयांवर 1835 पर्यंत त्याचेच नाव होते, आणि त्यांपैकी अनेकांवर त्याच्या राज्यारोहणाचे 19वे वर्ष कायमचे गोठलेले होते. ज्याच्याजवळ फौज आहे त्यालाही, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून कागद हवा असतो, आणि या गरजेतून जे कारस्थान, जी लाचारी आणि क्वचित जी खरी निष्ठा जन्माला येते, ती कोणत्याही अंतिम लढाईपेक्षा मला अधिक नाट्यमय वाटते.

म्हणून माझ्या तीन साम्राज्यांपैकी मधल्याचा सम्राट मी जिवंत ठेवणार आहे. मनोरे विझल्यामुळे त्याचा हुकूम राजवाड्याच्या अंगणापलीकडे पोहोचणार नाही, तरी तीन सरदार त्याच्यापुढे एकाच किताबासाठी उभे राहतील. तो कोणाला मिळेल हे लिहिण्याआधी मला त्या तिघांच्या जमिनी, त्यांची देणी आणि त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या धान्याच्या वाटा मांडून पाहायच्या आहेत.