नानांचा रविवार

आमचे नाना गेल्या महिन्यात, वयाच्या ९४व्या वर्षी, बडोद्याच्या दांडिया बाजारातील राहत्या घरी शांतपणे गेले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते नुकतेच मॅट्रिक झाले होते, आणि १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर काही नातलग पुण्याला निघून गेले तरी त्यांनी हे गाव सोडले नाही. नोकरी त्यांनी निष्ठेने केली; पण आम्हा भावंडांना नाना आठवतात ते रविवारचे.

दर रविवारी सकाळी ते आम्हाला सायकलवर पुढे-मागे बसवून मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या या ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरत असे, तेव्हा नाना माझा हात घट्ट धरून, एक शब्दही न बोलता, माझ्या चालीने चालत. आई आजारी पडल्यावर तिला उठवताना-बसवतानाही त्यांचा हात तसाच असे.

पुढे नातवंडांनाही त्यांनी तिथेच नेले, आणि ऐंशी उलटल्यावर थोरल्या नातवाला मोडी वाचायला शिकवले, कारण पणजोबांच्या वह्या कुणीतरी वाचायला हव्यात असा त्यांचा आग्रह होता. तेराव्यानंतरच्या रविवारी त्याच नातवाने त्यांच्या उशाशी राहिलेले पुस्तक ग्रंथालयात परत केले.