लाळेची नळी आणि आत्याचा अहवाल : घरच्या डीएनए चाचणीचा माझा अनुभव

घरबसल्या डीएनए चाचणी करण्याचा विचार माझ्या मनात आला तो आत्यामुळे. तिला बेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, परळच्या टाटा रुग्णालयात उपचार झाले आणि ती बरी झाली. पण मी स्वतः चाळिशीकडे झुकले, तेव्हा या आजाराचा धोका माझ्याही वाट्याला आला आहे का, हा प्रश्न टाळता येईना. मी न्यू जर्सीत राहते आणि इथे अशा चाचणीचा संच औषधाच्या दुकानातही मिळतो. शिवाय आमचे पूर्वज राजस्थानातून साताऱ्याकडे आले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यातले खरेखोटेही कळेल, अशी आशा होती. म्हणून २०१९ मध्ये मी ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीचा आरोग्य आणि वंश असा दोन्ही अहवाल देणारा संच आणला.

नमुना देण्यात काही अवघड नाही. आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, म्हणून सकाळच्या चहाआधीच बसले. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस त्यात धरायचा नाही, आणि झाकण दाबले की त्यातले द्रव लाळेत उतरून नमुना टिकून राहतो. तोंड कोरडे पडल्यावर ती रेघ फारच वर आहे असे वाटू लागते, एवढेच.

प्रयोगशाळेत नेमके काय होते, हे मात्र अहवाल येण्याआधी समजून घेतले, ते बरे झाले. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. या चाचणीत त्यांतल्या ठरावीक सहा-सात लाख जागा तेवढ्या चिपवर पडताळल्या जातात. जाडजूड पोथीतली आधी खुणा करून ठेवलेली अक्षरे तेवढी वाचावीत, तसा हा प्रकार आहे. खुणा कोणत्या अक्षरांवर केल्या आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

वंशाचा अहवाल आला, तो जवळजवळ संपूर्णपणे ‘दक्षिण आशियाई’ होता, आणि ते सांगायला लाळेची गरज नव्हती. ही टक्केवारी पूर्वजांच्या गावांवरून काढलेली नसते. कंपनीने तुलनेसाठी गोळा केलेल्या आजच्या लोकांशी आपले किती जुळते, यावरून ती काढलेली असते. त्या संग्रहात युरोपीय वंशाच्या माणसांची रेलचेल आहे, आपली माणसे थोडी. राजस्थान की सातारा, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. आईकडून आईकडे जाणारा माझा मातृवंश ‘एम’ या मोठ्या गटातला निघाला, जो भारतात सर्वाधिक आढळतो. वडिलांच्या वंशाची रेषा वाय गुणसूत्रावरून काढतात. ते स्त्रियांकडे नसल्यामुळे माझ्या अहवालात तो रकाना रिकामाच होता. कुळ, गोत्र आणि घराणे यांचा तर या चाचणीशी काही संबंधच येत नाही. सात-आठ पिढ्यांपलीकडच्या कित्येक पूर्वजांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

याउलट, प्रश्न नेमका असेल आणि तुलनेला योग्य गट असतील, तर डीएनए बरेच बोलतो. कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्टपणे मिसळलेले दिसले. आपले पूर्वज बाहेरून आलेले ज्यू, असे त्यांच्या परंपरेने जे सांगितले होते, त्याला तिथे आधार मिळाला. माझ्या घरच्या गोष्टीला तसा काही मिळाला नाही, आणि मला त्याचे फारसे वाईटही वाटले नाही.

खरा प्रश्न आरोग्याचा होता. कॉफी, दूध, केसांचा पोत असली पाने भराभर उलटून मी स्तनाच्या कर्करोगाच्या पानाशी आले. ते पान आपोआप उघडत नाही. आधी माहिती वाचावी लागते आणि पाहायचे आहे अशी वेगळी संमती द्यावी लागते. निकाल होता : ‘आढळले नाही’. त्याखालीच स्पष्ट लिहिले होते, की बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतले (ज्यांतल्या बिघाडाने स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) फक्त तीन बदल तपासले आहेत आणि ते प्रामुख्याने पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू लोकांत आढळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये परवानगी दिली होती, ती याच तीन बदलांसाठी; या दोन जनुकांतले धोकादायक बदल मात्र हजाराहून अधिक ज्ञात आहेत. म्हणजे हे ‘आढळले नाही’ त्या यादीबद्दलचे होते. आत्याच्या घराण्याबद्दल त्यातून काहीच कळत नव्हते. असेच हृदयाच्या बाबतीतही. हृदयस्नायूच्या एका जनुकातून २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असतो, असे २००९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे; माझ्या अहवालात त्याचे नावही नव्हते.

तो अहवाल घेऊन मी जनुकीय समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी तो चाळून बाजूला ठेवला आणि एक कोरा कागद पुढे ओढला. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, मृतांवर तिरकी रेघ, कर्करोग झालेल्यांचे चिन्ह गडद, अशा तीन पिढ्या त्यांनी कागदावर उतरवल्या. आईकडे कोणालाच कर्करोग नव्हता. वडिलांच्या आईपाशी आल्यावर त्या थांबल्या, कारण आजी कशाने गेली, हे मला धड सांगता येईना. त्या रात्री आत्याला फोन केला.

‘‘अगं, पोटात पाणी झालं होतं तिच्या. पोट असं फुगलं होतं, की लोक काहीबाही बोलायचे. तेव्हा कोण एवढ्या तपासण्या करत होतं?’’

पोटात पाणी यकृताच्या किंवा क्षयाच्या आजारातही होते, तसेच बीजाशयाच्या कर्करोगातही होते. समुपदेशक बाईंनी आजीच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढले आणि सांगितले, की पहिली चाचणी माझी नको, आत्याची हवी. ज्या व्यक्तीला आजार झाला आहे, तिच्यात कारण सापडले, तरच इतरांमध्ये नेमके काय शोधायचे ते कळते. माझ्यापासून सुरुवात केली असती, तर काही न सापडण्याचा अर्थ पुन्हा अधांतरीच राहिला असता. आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली : अमेरिकेत २००८ च्या कायद्यामुळे आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही, पण आयुर्विम्याला तो कायदा लागू नाही. म्हणून घरातला कर्करोगाचा इतिहास अर्जात नीट नमूद करून आम्ही पतिपत्नींनी आयुर्विमा आधी उतरवून घेतला.

आत्याला तयार करणे सोपे नव्हते. ‘‘माझं झालंगेलं, आता कशाला उकरून काढायचं?’’ असे ती म्हणत राहिली. शेवटी तिची स्वतःची मुलगी तिशीत आली आहे, हे तिनेच बोलून दाखवले आणि ती मुंबईला गेली. तिथे रक्ताचा नमुना घेऊन दोन्ही जनुके अथपासून इतिपर्यंत वाचली गेली, आणि बीआरसीए २ मध्ये एक धोकादायक बदल सापडला. लाळेच्या चाचणीतल्या तीन बदलांपैकी तो अर्थातच नव्हता. असा बदल असणाऱ्या स्त्रियांत आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक असते.

आता बाबांची पाळी होती. ‘‘बायकांचा आजार माझ्याकडून कसा जाईल?’’ हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता, आणि बऱ्याच घरांत वडिलांकडचा इतिहास याच समजुतीमुळे विचारला जात नाही. बीआरसीए २ तेराव्या गुणसूत्रावर असते. ते मुलगा-मुलगी पाहत नाही, आणि बाबांकडे तो बदल असेल, तर आम्हा प्रत्येक भावंडाकडे येण्याची शक्यता निम्मी. बाबांमध्ये तो निघाला. त्यांच्या डॉक्टरांनी लगेच प्रोस्टेटची तपासणी सुरू केली, कारण पुरुषांत या बदलामुळे त्या ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यानंतर माझी तेवढ्या एका जागेची चाचणी झाली आणि माझ्यात तो बदल नाही, असे कळले. आता हा नकार भरवशाचा होता. माझी मॅमोग्राफी इतर बायकांसारखीच ठरल्या वेळी होते.

पुढे २०२३ मध्ये कंपनीकडच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा मी खात्यातली माहिती उतरवून घेतली, साठवलेला नमुना नष्ट करण्याची सूचना दिली आणि खाते काढून टाकले. ही माहिती माझ्या एकटीची नसते. भावाची आणि आत्याचीही थोडीथोडी त्यात असतेच.

आत्याच्या मुलीत तो बदल आहे. तिची दरवर्षी एमआरआय होते, आणि मुले झाल्यावर बीजाशये काढण्याबद्दल ती डॉक्टरांशी बोलते आहे. भावाने अजून चाचणी केलेली नाही. त्याला स्वतःपेक्षा नऊ वर्षांच्या लेकीची काळजी जास्त आहे, तिचीच आधी तपासणी करून टाकूया का, असे तो विचारत होता. समुपदेशक बाईंनी नाही म्हटले : या बदलासाठीच्या तपासण्या पंचविशीच्या सुमारास सुरू होतात, त्याआधी करण्यासारखे काही नसते, आणि अठरा वर्षांची झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे. भावाने स्वतःसाठी मात्र पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे.