भाकरी खाणारे वाचले असते का?

बुरशीमुळे माणसं झोंबीसारखी होतात अशी ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका पाहून सोलापुरात हमखास निघणारा विषय म्हणजे पीठ. जकार्ताच्या पिठाच्या गिरणीतून बुरशी पसरली, मग आपली कडक भाकरी सुरक्षित का? गंमत म्हणून ठीक आहे. काळी बुरशी धरते ती पावसात भिजलेल्या खरिपाच्या ज्वारीच्या कणसाला. आपली मालदांडी ज्वारी रब्बीची, कोरड्या हवेत पिकते. वर तापलेला तवा. पण मालिकेतली बुरशी 37 अंशांच्या अंगात जगायला शिकलेली आहे, त्यामुळे ‘इथल्या उन्हात मरेल’ हा युक्तिवाद लंगडाच.

मालिका ज्यावर बेतली तो 2013 चा गेम खेळलेल्यांची तक्रार वेगळी: हवेतून संसर्ग पसरवणारे बुरशीचे बीजाणू कुठे गेले? गेममध्ये त्यासाठी मास्क लागतो. 2023 च्या पहिल्या सीझनमध्ये त्याऐवजी तोंडातून तंतू येतात. बदल पटतो. बीजाणू हवेत असते तर पात्रं सतत मास्कमध्ये, म्हणजे चेहऱ्यावरचा अभिनय गेला. दुसऱ्या सीझनमध्ये ते परतले, तेही बंदिस्त तळघरात.

पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागावर मात्र सरळ दोन तट पडतात. गेममध्ये बिल एकटा उरतो, त्याच्या जोडीदाराचं, फ्रँकचं, फक्त प्रेत दिसतं. इथे दोघांचा अख्खा संसार. ‘कथा थांबली’ म्हणणाऱ्यांनी बिलचं शेवटचं पत्र पुन्हा ऐकावं, नायक जोएल पुढे का जातो ते तिथेच आहे.