बुंध्यातून भूजलाचा माग : नमुने घेण्याचे दोन दिवस

धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन वापरणारा, आता बंद पडलेला एक कारखाना आणि त्याच्या उतारावरील झाडांची रांग, एवढ्याच परिसरात आम्ही तिघांनी दोन दिवस माती व लाकडाचे नमुने घेतले. हे द्रावक भूजलातून मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढते. त्यामुळे तपासणीच्या विहिरी खणण्यापूर्वी प्रदूषण कोठवर पसरले आहे, याचा अंदाज झाडांवरून बांधता येतो.

पहिली सकाळ मातीची होती आणि तीच फसली. ट्रायक्लोरोएथिलीन ८७ अंश सेल्सिअसला उकळते. पण उघड्या मातीतून ते उडून जाण्यास साधे ऊनही पुरते. मी ढेकूळ हातात घेऊन त्याचा रंग व पोत टिपत बसलो आणि नमुना तेवढ्यात निकामी झाला. दुसऱ्या खड्ड्यापासून टोक कापलेल्या सिरिंजने सुमारे ५ ग्रॅम माती उचलून ती आधीच वजन केलेल्या, मिथेनॉल (उडून जाणारे द्रावक धरून ठेवणारा द्रव) असलेल्या कुपीत तत्काळ सोडली. झाकण लावण्यापूर्वी कुपीच्या आट्यांवरील मातीचे कण पुसावेत, कारण एक कणही गळतीला पुरतो.

झाडांचे काम अधिक समाधानाचे झाले. पोकळ गिरमिटाने जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर बुंध्यातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढून ती लगेच कुपीत बंद केली. उंची सर्व झाडांवर सारखीच ठेवावी, कारण वर जाताना द्रावक सालीतून हवेत निसटते व प्रमाण घटते. मोठ्या पावसानंतर लगेच जाऊ नये. मुळे वरच्या थरातील ताजे पाणी ओढतात आणि आकडे फसवे कमी येतात. शिवाय लाकडात काही न सापडणे म्हणजे खाली काही नसणे नव्हे. मुळे तेथवर पोचलेलीच नसू शकतात.

हातातील प्रकाश-आयनीकरण मापक एकदा अचानक चढला, तेव्हा आम्ही हरखलो. प्रत्यक्षात शेजारी आमचीच गाडी चालू होती. तो मापक एकूण बाष्प सांगतो, कोणते ते सांगत नाही. दमट हवेतही तो बिथरतो. म्हणून त्यावरून फक्त पुढची जागा निवडावी आणि निर्णय प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे बाष्पातील घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, सोडावा.

द्रावकयुक्त शाईचे मार्कर पेन नमुन्यांजवळ आणू नये. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहाव्यात. बर्फाच्या पेटीत, सुमारे ४ अंशांवर, नमुन्यांसोबत एक न उघडलेली कोरी कुपीही ठेवावी, म्हणजे वाटेत बाहेरून काही शिरले का ते कळते. आमच्या कोऱ्या कुपीत काहीच आढळले नाही, म्हणूनच उताराच्या टोकाकडील तीन झाडांचे आकडे आम्ही खरे मानले.