‘नॉट अ‍ॅडल्ट’

मे महिन्यातली दुपार. लायब्ररीतला कूलर पाणी संपून नुसता घरघरत होता. बालरोग विभागातला एक रेसिडेंट नाइट ड्यूटी करून तसाच आला. “मॅडम, पबमेडवर 24 च पेपर निघून राहिलेत. थीसिसचा सिनॉप्सिस परवा नाशिकला, विद्यापीठात पाठवायचा आहे.” पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची साइट. विषय, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध. विदर्भात दर बॅचला एक जण तरी हा विषय घेतोच.

खरं तर 24 वर तो खूश होता, वाचायला कमी. भडकले होते ते त्याचे गाइड, कारण यादीत त्यांचाच पेपर नव्हता. (बाकी काय सुटलं याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.)

मला मात्र तो पेपर कामाचा होता. सर्च नीट झालाय का, हे आकड्यावरून कळत नाही. जे पेपर यायलाच हवेत ते येतात का, ते बघावं लागतं. मग त्याने पबमेडमध्ये टाकलेली सर्चची ओळ एकेक शब्द काढत चालवली. आजाराचं नाव अवतरणचिन्हांत, म्हणजे ‘अ‍ॅनिमिया’चं फक्त त्याने लिहिलेलं ब्रिटिश स्पेलिंगच सापडणार. औषधाचं दुसरं नाव, हायड्रॉक्सीकार्बामाइड, घातलेलंच नव्हतं. हे दोन्ही सुधारलं, तरी गाइडांचा पेपर येईना. शेवटी ‘नॉट अ‍ॅडल्ट’ खोडलं. आला!

मुलंच हवीत तर प्रौढ वगळा, ऐकायला किती बरोबर वाटतं. पण त्या पेपरात 2 ते 20 वर्षांचे पेशंट होते. पबमेडमागच्या मेडलाइन या सूचीत वयाच्या 19 पासून ‘अ‍ॅडल्ट’चा टॅग लागतो, आणि एका पेपरला सगळ्या वयोगटांचे टॅग असतात. चार-पाच मोठ्या पोरांपायी लहानगी सगळी बाहेर. शिवाय सारांशात ‘प्रौढांमध्ये हे औषध रुळलंय, मुलांमध्ये मात्र…’ असं असलं तरी पेपर गायब. आणि मुलांवरचे बरेच पेपर सुरूच असे होतात.

आता 137 निघाले. पोराचं तोंड उतरलं.

“ही ओळ कुठली?”

“सीनियरच्या थीसिसमधली.”

थीसिस काढला. परिशिष्टात तीच ओळ, आणि ऋणनिर्देशात ‘सर्चसाठी मदत’ म्हणून माझं नाव. मी ती ओळ तपासली होती की घाईत नुसती मान हलवली होती, आठवत नाही. नंतरच्या आणखी एका थीसिसमध्येही ती जशीच्या तशी आहे. दोघंही पास. परीक्षक परिशिष्टं वाचत नाहीत.

काल घरी न जाता त्या पहिल्या थीसिसची तारीख लावून सर्च परत चालवला. त्या सीनियरने लिहिलंय, ‘लहान मुलांवर भारतात असा अभ्यास आढळला नाही.’ त्या तारखेआधीचे 9 निघाले, गाइडांचा धरून.