हांगचौचं सरोवर आणि भारतातून उडत आलेला डोंगर

शांघायला जाणारे बरेचजण शेजारचं हांगचौ शहर एका दिवसात उरकतात. सकाळच्या गाडीने यायचं, सरोवरात बोटीची एक फेरी मारायची, एक देऊळ पाहायचं, चहाचं पाकीट घ्यायचं आणि संध्याकाळी परत. गाडी तासाभरात पोचते, त्यामुळे हा मोह होतोच. माझं कळकळीचं सांगणं आहे की निदान दोन रात्री तरी इथे राहा. हे सरोवर पहाटे आणि तिन्हीसांजेला बघायचं असतं, आणि दिवसाच्या सहलीवर आलेल्या माणसाला नेमक्या त्याच वेळा मिळत नाहीत.

आम्ही मार्चच्या अखेरीस गेलो होतो. नवरा, मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले, पक्के शाकाहारी सासरे असं कुटुंब. त्यामुळे पुढच्या सूचनांमध्ये गुडघे आणि जेवण या दोन गोष्टी वारंवार येतील.

आधी सरोवराविषयी, कारण त्याची गोष्ट ठाऊक असली की ते वेगळंच दिसायला लागतं. शी हू, म्हणजे पश्चिम सरोवर, नकाशावर लहानसं दिसतं. क्षेत्रफळ साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास, सरासरी खोली जेमतेम सव्वादोन मीटर. एके काळी ही छियानतांग नदीच्या मुखाजवळची खाडी होती. गाळाने तिचं तोंड बुजलं आणि आत पाणी अडकलं. असं उथळ पाणी तसंच सोडून दिलं तर शेवाळ, गवत आणि शेवटी दलदल. ते झालं नाही, कारण हजारेक वर्षं कोणी ना कोणी गाळ उपसत आलं.

त्यांतला सगळ्यांत लाडका माणूस म्हणजे कवी सू दोंगपो. तो 1089 मध्ये इथे अधिकारी म्हणून आला तेव्हा अर्धं सरोवर गवताने भरलं होतं. त्याने दरबाराला अर्ज लिहिला: हांगचौला हे सरोवर म्हणजे माणसाला भुवया आणि डोळे, असंच चाललं तर आणखी वीस वर्षांत ते उरणार नाही. परवानगी मिळाली, गाळ उपसला गेला, आणि त्या गाळाचं करायचं काय म्हणून सरोवराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांध घातला. सहा पुलांचा, 2.8 किलोमीटर लांबीचा तो बांध म्हणजे आजचा 'सू दी'. कडेच्या पाण्यात शेतकऱ्यांना शिंगाडे लावायला दिले. शिंगाडा लावायचा तर आधी गवत काढावंच लागतं, म्हणजे सफाई आपोआप होणार. पण शिंगाड्याची लागवड मधल्या पाण्यात पसरू नये म्हणून हद्द दाखवायला तीन छोटे दगडी मनोरे उभारले. चीनच्या एक युआनच्या नोटेमागे दिसतात ते हेच तीन मनोरे. आताचे मिंग राजवटीत (चौदावं ते सतरावं शतक) नव्याने उभारलेले आहेत, पण मूळ कल्पना या हद्दीच्या खुणांचीच. मनोऱ्यांशेजारचं बेटसुद्धा सतराव्या शतकात उपसलेल्या गाळाचं. इथली शोभा सफाईच्या कामातून उभी राहिली आहे, आणि मला या शहराबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचाच. आजही छियानतांगचं पाणी गाळ बसवून सरोवरात सोडतात. ते काम 1986 पासून चालू आहे. 2011 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून.

सरोवरावर फिरायला तिकीट नाही. मेट्रोच्या 1 नंबर लाइनवर लोंगश्यांगछियाओ स्टेशनला उतरलात की पूर्व काठ चालत पाच-दहा मिनिटांवर. मुक्काम याच भागात करा. सू दी दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला, आणि सकाळी सातच्या आत सुरुवात करा. दोन्ही बाजूंना विलो आणि पीचची झाडं आलटून पालटून लावलेली आहेत. मार्चअखेर पीच फुलतात. त्या वेळी वाटेवर फक्त शहरातले आजी-आजोबा असतात, कोणी ताय-ची करतंय, कोणी मोठ्या ब्रशने फरशीवर पाण्याने अक्षरं काढतंय. नऊनंतर झेंडेवाले गाइड येतात आणि तो बांध तो राहत नाही. पाय दुखत असतील तर विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या सरोवराभोवती फिरतात, हात केला की थांबतात. सासऱ्यांनी परतीला तीच घेतली.

बोटी दोन प्रकारच्या. मोठ्या बोटी बेटावर उतरवतात. तिकीट माणशी 55 ते 70 युआनच्या घरात. लहान, वल्ह्याच्या लाकडी बोटी तासाच्या हिशेबाने मिळतात. बेट एकदा पाहावं, पण निवांतपणा हवा असेल तर वल्ह्याची बोट. अधिकृत धक्क्यावर दराची पाटी असते, तिथूनच घ्या. रस्त्यात अडवून बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

सूर्यास्तासाठी बाओशी टेकडी. उत्तर काठावर बाओचू या सडपातळ मनोऱ्याची टेकडी दिसते तीच. अर्ध्या तासाची चढण, दगडी पायऱ्या, शेवटी लालसर खडकांवर थोडं हातापायाने चढावं लागतं. वरून एका बाजूला सगळं सरोवर आणि धूसर होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला उंच इमारतींचं शहर. फुकट आहे. पाऊस पडून गेला असेल तर खडक निसरडे असतात, तेव्हा वर जाऊ नका. उतरताना पश्चिमेच्या वाटेने गेलं की सेनापती युए फेईच्या समाधीपाशी पोचता. 1142 मध्ये खोट्या आरोपावरून त्याचा जीव घेतला गेला, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांचे लोखंडी पुतळे आजही समाधीसमोर गुडघे टेकून आहेत.

आता माझ्या जिवाभावाची जागा. लिंगयिन मंदिराच्या समोर फेइलाई फेंग नावाचा छोटा डोंगर आहे. आख्यायिका अशी की चौथ्या शतकात हुइली नावाचा भारतीय भिक्षू इथे आला, डोंगर पाहून चकित झाला आणि म्हणाला, हा तर आमच्या गृध्रकूटाचा तुकडा, इथे कधी उडून आला? गृध्रकूट म्हणजे बिहारमधल्या राजगीरचा, बुद्धाने जिथे उपदेश केला तो डोंगर. आख्यायिकेमागे कारणही आहे. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आणि हा एकटाच चुनखडीचा, पाण्याने पोखरलेला, गुहांनी भरलेला. वेगळा दिसतो म्हणून परका मानला गेला. हुइलीने 328 च्या सुमारास लिंगयिनची स्थापना केली असं मानतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या नावाचा दगडी स्तूप आहे. आमच्यासमोर एक चिनी आजी त्या स्तूपाला हात जोडून गेल्या. आपल्याकडून गेलेल्या माणसाचं नाव तिथे इतकी शतकं जपलं आहे, हे पाहून सासरे बराच वेळ तिथून हलेनात.

या डोंगरात तीनशेहून अधिक मूर्ती आहेत, दहाव्या शतकापासून युआन राजवटीपर्यंतच्या (तेरावं-चौदावं शतक). वेरूळ-अजिंठ्याला खडक कोरून अख्खी दालनं केलेली आपण पाहिली आहेत. इथे गुहा निसर्गाच्या आहेत आणि फक्त मूर्ती माणसांच्या. छिंगलिन गुहेतल्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या लहान मूर्ती चुकवू नका. ओढ्याकाठच्या हसऱ्या, ढेरपोट्या मैत्रेयापाशी सगळे फोटो काढत असतात, इकडे गुहेच्या अंधारात त्या असतात आणि कोणी आत वळत नाही. टॉर्च न्या, पण हात लावू नका.

लिंगयिनला आठच्या आत पोचा. फेइलाई फेंग आणि मंदिर यांचं प्रवेशाची व्यवस्था वेगवेगळी आहे आणि नियम बदलत असतात, म्हणून जाण्याआधी हॉटेलवाल्यांकडून ऑनलाइन नोंदणी करवून घ्या. उदबत्त्या बाहेर विकत घेऊ नका; मंदिरात तीन काड्या फुकट देतात आणि बाहेरच्या आत चालत नाहीत. वेळ असेल तर त्याच रस्त्याने वर थ्येनचूची तीन मंदिरं आहेत. थ्येनचू हे भारताचं जुनं चिनी नाव. सर्वांत वरच्या फाशी मंदिरात मॅग्नोलियाचं पाचशे वर्षांचं झाड आहे, ते मार्चमध्ये फुलतं.

भारताशी जोडलेली आणखी एक गोष्ट सरोवराच्या दक्षिण काठावरच्या लेइफेंग मनोऱ्यात. मूळ मनोरा 975 चा. लोक शुभ म्हणून विटा काढून नेत राहिले आणि 1924 मध्ये तो कोसळला. 2001 च्या उत्खननात खालच्या कोठडीत चांदीचा छोटा स्तूप सापडला. सम्राट अशोकाने 84,000 स्तूप उभारले या कथेचं अनुकरण म्हणून दहाव्या शतकात इथे असलेल्या वू-युए राज्याच्या राजाने तेवढेच छोटे स्तूप घडवायचा संकल्प केला होता, त्यांच्यातला हा प्रकार. नवा मनोरा 2002 चा, त्यात सरकता जिना आणि लिफ्ट आहे, तेव्हा ज्येष्ठांना सहज जमतो. तळमजल्यावर काचेआड जुन्या विटांचा ढीग तसाच ठेवला आहे.

चहासाठी लोंगजिंग गाव. एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या छिंगमिंग सणाआधीची खुडणी सर्वांत महाग. मार्चअखेर दारादारांत माणसं तापलेल्या कढईत उघड्या हाताने पानं परतताना दिसतात. लोंगजिंगहून जिउशीच्या ओढ्याकाठाने छियानतांग नदीपर्यंत उतरत जाणारी वाट आमच्या मुलीला सरोवराहूनही आवडली. सगळी उताराची, चहाचे मळे आणि झाडी, मधे ओढ्यात ठेवलेल्या दगडांवरून पलीकडे जायचं. बूट चांगले हवेत. चहा चाखून घ्या आणि थोडाच घ्या. चांगल्या पानाचा भाव पाचशे ग्रॅमला हजारांत जातो. काचेच्या पेल्यात, उकळून थोडं निवलेलं पाणी ओतून प्यायचा. दूध-साखर नाही.

जेवण. 'वो च्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे, पण एवढं पुरत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, नूडल्सचा रस्सा मांसाचा असू शकतो. मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा नको, असं चिनीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. सर्वांत निर्धास्त जेवण मंदिरांच्या शाकाहारी भोजनालयांत: मशरूमच्या नूडल्स, टोफू, बांबूचे कोंब. बौद्ध परंपरेच्या या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, तेव्हा कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. बरोबर थेपले आणि चटणी नेलीत तर उत्तमच.

हाताशी आणखी दोन-तीन दिवस असतील तर हांगचौ–हुआंगशान रेल्वे घ्या. वाटेत छियानदाओ सरोवर लागतं. 1959 च्या धरणाने डोंगर बुडाले आणि त्यांची माथी हजारावर बेटं होऊन राहिली. हुआंगशान म्हणजे चिनी चित्रांतले ढगांतले कडे; त्याचं रेल्वे स्टेशन दीडेक तासावर. तिथे रोपवे असला तरी वर पायऱ्याच पायऱ्या आहेत. सासरे हांगचौलाच थांबले आणि ते योग्यच झालं.

शेवटी कामाचं. भारतीय पासपोर्टला चीनची 240 तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत लागू नाही. व्हिसा आधी काढा. रोख जवळजवळ कोणी वापरत नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरीच अलीपे हे फोनवरून पैसे देण्याचं ॲप डाउनलोड करून आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. 200 युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा शुल्क नाही, त्यावर 3 टक्के. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. 1 मे आणि 1 ऑक्टोबरचे सुट्ट्यांचे आठवडे टाळा. शनिवार-रविवारी सरोवराभोवती खासगी गाड्यांवर निर्बंध असतात, त्या दिवशी मेट्रो आणि पायीच बरं. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, कागदी तिकीट नसतं. फाटकाच्या यंत्राने पासपोर्ट वाचला नाही तर कडेच्या माणसाच्या रांगेत जा. हांगचौ पूर्व स्टेशन प्रचंड आहे आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद होतं. पाऊण तास हातात ठेवून पोचा.